तेलविहीर तिरपी गेली की खर्च कुठे वाढतो? ‘समुद्र मंथन’ मोहीम आणि नवा तेलक्षेत्र कायदा समजून घेताना

१५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी ‘समुद्र मंथन’ ही खोल समुद्रातील तेल आणि वायूच्या शोधाची राष्ट्रीय मोहीम जाहीर केली. त्याआधी मार्च २०२५ मध्ये संसदेने १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्यात मोठी दुरुस्ती केली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुल्या परवाना धोरणाखालील दहावी फेरी सुरू झाली. तिच्यात २५ ब्लॉक आणि सुमारे १ लाख ९२ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र देऊ केले गेले. त्याच्याही आधी, २०२२ मध्ये, शोधासाठी बंद असलेल्या समुद्री क्षेत्रापैकी सुमारे १० लाख चौरस किलोमीटर खुले झाले होते.

हे आकडे तुम्ही बातम्यांत वाचले असतील. त्यांतून जमीन आणि समुद्र किती खुला झाला हे कळते. पण खुल्या झालेल्या जागेत एक विहीर खोदायला किती दिवस लागतील आणि ती शेवटपर्यंत जाईल का, हे त्यांतून कळत नाही. ते ठरते जमिनीखाली दोन-तीन किलोमीटरवर, हाताच्या वितीएवढ्या बिटच्या तोंडाशी. या लेखात त्या तोंडाशी काय घडते ते पाहू, कारण सरकारी मोहिमेचा बराचसा पैसा शेवटी तिथेच खर्च होणार आहे.

गरज किती आहे, हे थोडक्यात. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी सुमारे ८८ टक्के तेल आपण आयात करतो. देशातील उत्पादन २०११-१२ मध्ये सुमारे ३ कोटी ८० लाख टन होते, ते २०२४-२५ मध्ये २ कोटी ९० लाख टनांच्याही खाली आले. जुनी क्षेत्रे थकत चालली आहेत आणि नवी क्षेत्रे अवघड जागी आहेत. या दोन्ही ठिकाणी सरळ उभ्या विहिरीने काम भागत नाही, विहीर तिरपी न्यावी लागते.

तिरपी विहीर म्हणजे काय?

गावाकडे बोअर मारताना आपण पाहतो की गाडीवरचा कॉम्प्रेसर हवा आत सोडतो आणि पांढरा धुरळा भसाभस वर येतो. तो धुरळा वर आला नाही तर हातोडा आपल्याच भुग्यात रुतून बसेल. तेलविहिरीतही तत्त्व हेच, फक्त हवेच्या जागी एक जड, दाट द्रव असतो. त्याला रिगवर ‘मड’ म्हणतात. सरकारी परिभाषेत ‘वेधन द्रव’ असा शब्द सापडतो, आणि ‘चिखल’ म्हटले तर वाचक भलतेच समजेल. बेंटोनाइट माती, बॅराइट, पॉलिमर आणि पाणी किंवा तेल यांचे ते मोजूनमापून केलेले मिश्रण असते. म्हणून इथे रिगवरचाच शब्द ठेवला आहे.

हा मड पंपाने पोकळ पाइपांतून खाली जातो, बिटला असलेल्या बारीक छिद्रांतून म्हणजे नोझलमधून जोराने बाहेर पडतो आणि पाइप व विहिरीची भिंत यांमधल्या फटीतून खडकाचा चुरा घेऊन वर येतो. वाटेत तो आणखी तीन कामे करतो. बिट थंड ठेवतो, भिंत ढासळू देत नाही आणि खडकातला वायू किंवा तेल अवेळी उसळून वर येऊ नये म्हणून वजनाने त्याला दाबून धरतो. एकाच द्रवाकडे एवढी कामे असली की एका कामासाठी केलेला बदल दुसऱ्या कामाला बाधतो. तेलविहिरीच्या द्रवगणिताची, म्हणजे हायड्रॉलिक्सची, सगळी ओढाताण यातून येते.

तिरप्या विहिरीत बिट ठरावीक खोलीपर्यंत सरळ जाते आणि मग हळूहळू वळते. काही विहिरी ३०-४० अंशांवर थांबतात, तर काही पूर्ण आडव्या होऊन तेलाच्या थरातूनच पुढे जातात. वळवण्यासाठी बिटच्या मागे मडच्याच प्रवाहावर फिरणारी मोटर बसवतात किंवा पाइप फिरत असतानाच दिशा देणारे ‘रोटरी स्टिअरेबल’ यंत्र लावतात. शिवाय आपण कुठे आहोत हे वर कळवणारे मोजमाप यंत्रही असते. ही उपकरणे उपयोगी आहेत, पण ती फुकट चालत नाहीत. ती चालतात पंपाच्या दाबावर.

पंपाचा दाब ही एक शिधापत्रिकाच

रिगवरचा पंप ठरावीक दाबापलीकडे जाऊ शकत नाही. तो दाब सगळ्यांत वाटला जातो. थोडा पाइपांतील घर्षणात, थोडा मोटर आणि यंत्रांत, थोडा परतीच्या फटीत, आणि उरेल तो बिटच्या नोझलमध्ये. समजण्यासाठी एक काल्पनिक हिशेब घेऊ. पंपाची मर्यादा ४,००० पीएसआय आहे असे समजा. सरळ विहिरीत पाइप आणि फट मिळून १,४०० गेले, तर बिटला २,६०० मिळतात. तीच विहीर लांब आणि तिरपी केली की पाइपांत २,०००, मोटर आणि मोजमाप यंत्रांत ९००, फटीत ३०० जातात आणि बिटच्या वाट्याला उरतात जेमतेम ८००.

जुनी पाठ्यपुस्तके सांगतात की बिटवर जास्तीत जास्त शक्ती हवी असेल तर पंपाच्या दाबाचा सुमारे ६५ टक्के भाग नोझलमध्ये खर्च व्हावा. झोताचा आघात जास्तीत जास्त हवा असेल तर सुमारे ४९ टक्के. ही प्रमाणे सरळ विहिरींच्या काळात बसवली गेली. वरच्या हिशेबात बिटला मिळाले २० टक्के. म्हणजे तिरप्या विहिरीत हे सूत्र चुकत नाही, पण ते गाठणे बहुतेक वेळा परवडत नाही.

मग नोझल बारीक करून झोत वाढवता येणार नाही का? येतो. अंगणातल्या पाइपच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी लांब उडते, तसेच. पण इथे गणित फार चढे आहे. नोझलचा व्यास एक इंचाच्या बत्तीसाव्या भागांत मोजतात. १२ क्रमांकाच्या नोझल काढून सगळ्या जागी १० क्रमांकाच्या बसवल्या, तर तेवढ्याच प्रवाहाला लागणारा दाब दुपटीहून जास्त होतो. तेवढा दाब शिल्लक नसेल तर प्रवाह कमी करावा लागतो. आणि प्रवाह पाचव्या हिश्श्याने कमी केला की त्याच नोझलमधली शक्ती जवळपास निम्मी होते, कारण दाब प्रवाहाच्या वर्गाने आणि शक्ती घनाने बदलते. बिट वर काढून नोझल बदलायची म्हणजे काही किलोमीटर पाइप उतरवायचे आणि पुन्हा चढवायचे. दिवस जातो. म्हणून ही निवड बिट खाली जाण्याआधीच नीट करावी लागते.

चुरा तळाशी का बसतो?

उभ्या विहिरीत खडकाचा कण खाली पडू लागला तरी त्याला लांबवर पडायचे असते, आणि वर येणारा प्रवाह त्याला पुन्हा उचलतो. आडव्या विहिरीत कणाला फक्त पाइपखालच्या भिंतीपर्यंत पडायचे असते. साडेआठ इंची भोकात हे अंतर काही सेंटिमीटरच. तो एकदा तळाला टेकला की त्याच्यावर दुसरा बसतो, तिसरा बसतो. पाइप स्वतःच्या वजनाने त्याच बाजूला टेकलेला असतो, त्यामुळे तिथे प्रवाह सर्वांत मंद असतो. पातेल्याच्या तळाशी डाळ बसावी तसा थर जमतो, आणि वरून डाव फिरत असला तरी तळ हलत नाही.

गंमत अशी की सर्वांत त्रासदायक भाग पूर्ण आडवा नसतो, तो ३० ते ६० अंशांमधला असतो. आडव्या भागात थर निदान जागच्या जागी राहतो. या मधल्या उतारावर पंप थांबला की साचलेला थर घसरून खाली येतो आणि बिटच्या मागे ढीग करतो. पाइप वर ओढायला जावे तर तो अडकतो. पाइप अडकणे ही तिरप्या विहिरीतील सर्वांत महाग दुर्घटनांपैकी एक आहे. कधी खालची सगळी उपकरणे सोडून देऊन शेजारून नवी वाट काढावी लागते.

यावर उपाय तीन, आणि तिन्ही एकमेकांशी भांडतात. प्रवाह वाढवा, पण मग पाइपांत घर्षण वाढते आणि बिटचा वाटा आणखी कमी होतो. पाइप फिरवत ठेवा, कारण फिरणारा पाइप थर ढवळून चुरा वेगवान प्रवाहात ढकलतो, आणि मिनिटाला १००-१२० फेऱ्यांच्या पुढे हा फरक ठळक दिसतो. मात्र साधी मोटर वापरून दिशा वळवताना पाइप न फिरवता पुढे सरकवावा लागतो, नेमका तेव्हाच थर जमतो. रोटरी स्टिअरेबल यंत्राचे भाडे महाग असूनही ते का परवडते, याचे अर्धे उत्तर दिशेत नसून सफाईत आहे. तिसरा उपाय म्हणजे मडची घडण बदलणे. पण दाट मड चुरा चांगला धरतो आणि फटीत दाबही वाढवतो, आणि पातळ मड जोरात खळाळतो पण पंप थांबला की चुरा सोडून देतो.

बिटची रचनाही यात आली. हल्ली बहुतेक ठिकाणी पीडीसी बिट वापरतात. त्यात कृत्रिम हिऱ्याच्या चकत्या खडक खरवडतात. चिकट शेल खडकात चुरा बिटच्या पात्यांमध्ये लोण्यासारखा थापला जातो आणि बिट नुसते घसरते. अशा वेळी एकूण शक्ती किती यापेक्षा झोत कुठे पडतो हे महत्त्वाचे ठरते. नोझलचा कोन पात्यांच्या चकत्यांकडे असेल तर त्या धुऊन निघतात, तोच झोत बिटच्या अंगावर आपटत राहिला तर बिटचे धातूच झिजते. आता हे संगणकावर प्रवाहाचे चित्र काढून आधीच तपासता येते. दाब कमी मिळणार हे नक्की असेल, तर मिळेल तो दाब योग्य जागी लावणे हीच खरी सुधारणा.

मुंबई हायचे उदाहरण

मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला असलेले मुंबई हाय हे क्षेत्र १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने शोधले आणि १९७६ मध्ये तिथून तेल येऊ लागले. भर समुद्रात प्रत्येक विहिरीसाठी वेगळा मनोरा उभारणे शक्य नाही. म्हणून एका मंचावरून अनेक विहिरी वेगवेगळ्या दिशांना तिरप्या जातात. मंचावर विहिरींसाठी जागा मोजक्याच. त्या भरल्या की जुनी, आटलेली विहीर ठरावीक खोलीवर बंद करून तिच्या पोलादी केसिंगला खिडकी पाडतात आणि तिथून नवी फांदी काढतात.

इथे हायड्रॉलिक्सची अडचण दुहेरी होते. जुन्या केसिंगमधून निघणारी फांदी अरुंद असते, कधी फक्त सहा इंची. फट लहान, म्हणजे परतीचे घर्षण जास्त. ते घर्षण विहिरीच्या तळाशी मडच्या वजनात भर टाकल्यासारखे काम करते. पंप बंद असताना खडकावर जेवढा भार असतो त्यापेक्षा पंप चालू असताना जास्त पडतो. आणि मुंबई हायचा मुख्य साठा चुनखडीत आहे, त्यातून जवळपास पन्नास वर्षे तेल काढल्याने अनेक ठिकाणी आतला दाब उतरला आहे. अशा खडकाला जादा भार सोसत नाही. तो भेगाळतो आणि मड आत शोषून घेतो. मड वर परत येईनासा झाला की चुराही येत नाही. सफाईसाठी प्रवाह वाढवावा तर खडक मड पितो, प्रवाह कमी करावा तर चुरा साचतो. या दोन कड्यांमधली वाट काही वेळा फारच चिंचोळी असते.

जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने या क्षेत्रासाठी ब्रिटनच्या बीपी कंपनीला तांत्रिक सेवा पुरवठादार म्हणून निवडले. करार दहा वर्षांचा आहे. पहिली दोन वर्षे ठरावीक शुल्क, नंतर वाढलेल्या उत्पादनाच्या महसुलातील वाटा, अशी त्याची रचना आहे. या रचनेकडे लक्ष द्यावे, कारण ती पुढच्या मुद्द्याला लागून आहे.

खोल समुद्रात हीच वाट आणखी अरुंद

‘समुद्र मंथन’ मोहिमेचे लक्ष्य खोल पाणी आहे. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील ओएनजीसीच्या खोल समुद्री ब्लॉकमधून जानेवारी २०२४ मध्ये पहिले तेल आले. अंदमानच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे १७ किलोमीटरवर, २९५ मीटर पाण्यात ऑइल इंडियाच्या विहिरीला वायू लागल्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. खोल समुद्रात तळाच्या खडकावर वरून खडकाऐवजी पाण्याचा भार असतो. पाणी हलके, त्यामुळे खडक लवकर फुटतो. वायूला रोखण्यासाठी लागणारे मडचे किमान वजन आणि खडक फोडणारे कमाल वजन यांत अंतर थोडे उरते. शिवाय समुद्रतळापासून रिगपर्यंत मड ज्या रुंद नळीतून, रायझरमधून, वर येतो ती सुमारे २१ इंची असते. अरुंद विहिरीतून रुंद नळीत आल्यावर प्रवाह मंदावतो आणि चुरा पुन्हा खाली बसू लागतो. त्यासाठी रायझरच्या बुडाशी वेगळ्या नळीतून जादा मड सोडावा लागतो. म्हणजे आणखी एक पंप, आणखी एक वाटेकरी.

जंगलाखालून जाणाऱ्या विहिरी

तिरप्या विहिरीचा आणखी एक उपयोग धोरणात आला आहे. जंगलाच्या बाहेर रिग ठेवून जमिनीखालून जंगलाखालच्या साठ्यापर्यंत पोहोचायचे. २०२३ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने अशा लांब पल्ल्याच्या विहिरींना, रिग वनक्षेत्राबाहेर असल्यास, वनसंरक्षण कायद्याखालील मंजुरीतून सूट दिली. आसाममधील दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाखालील सात विहिरींचा प्रस्ताव याच तंत्राचा होता. मे २०२० मध्ये त्याला पर्यावरण मंजुरी मिळाली. त्याच महिन्याच्या २७ तारखेला उद्यानाजवळच्या बागजान येथील एका उत्पादन विहिरीतून वायू उसळला, ९ जूनला तिने पेट घेतला आणि ती बंद व्हायला नोव्हेंबर उजाडला. डिसेंबरमध्ये गुवाहाटी उच्च न्यायालयाने सात विहिरींच्या मंजुरीला स्थगिती दिली. जैवविविधतेवरील परिणामांचा अभ्यास झालेला नाही, हा तिथला मुख्य आक्षेप होता.

बागजानची दुर्घटना जुन्या विहिरीच्या दुरुस्तीत घडली, नव्या तिरप्या खोदाईत नव्हे. हा फरक सांगणे आवश्यक आहे, कारण दोन्ही गोष्टी वारंवार एकत्र सांगितल्या जातात. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. ‘रिग बाहेर आहे’ एवढ्याने विहीर सुरक्षित ठरत नाही. पल्ला जितका लांब तितके घर्षण जास्त, सफाई अवघड आणि खडक फुटण्याची शक्यता मोठी. मंजुरीच्या कागदात रिगचे वनहद्दीपासूनचे अंतर असते. त्याबरोबर विहिरीचा कोन, पल्ला आणि ठरवलेला प्रवाह यांचाही आराखडा मागितला गेला, तर सूट देणाऱ्या यंत्रणेलाच जोखीम नेमकी दिसेल, असे माझे मत आहे.

नव्या कायद्यात काय आहे आणि काय नाही?

२०२५ च्या दुरुस्तीने खाणपट्टा आणि पेट्रोलियम पट्टा वेगळे केले, शेल तेल, शेल वायू आणि कोळशाच्या थरातील मिथेन यांना ‘खनिज तेला’च्या व्याख्येत स्पष्ट जागा दिली आणि तुरुंगवासाच्या जागी २५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. पट्टेदाराला स्थैर्य मिळावे हा हेतू. यातले काहीही विहीर कशी खोदावी हे सांगत नाही, आणि कायद्याने ते सांगूही नये.

खोदाईचा वेग ठरवणारी गोष्ट निविदेत असते. रिगचे भाडे साधारणपणे दिवसावर असते. बिट एका निविदेने, मड सेवा दुसऱ्या, दिशा देणारी यंत्रे तिसऱ्या निविदेने घेतली, तर प्रत्येक जण आपापल्या वस्तूपुरता जबाबदार राहतो. बिट पुरवणाऱ्याला जास्त दाब हवा, दिशावाल्याला आपल्या मोटरसाठी हवा, मडवाल्याला खडक फुटायला नको. वाटणीचा निर्णय कोणाचा? उत्तर करारात नसेल, तर तो निर्णय रात्रपाळीच्या ड्रिलरवर येऊन पडतो. सर्वांत कमी दराचे बिट विहिरीत दोनदा बदलावे लागले, तर समुद्रातल्या रिगच्या त्या दिवसांच्या भाड्यापुढे बिटच्या किमतीतली बचत काहीच नसते. म्हणून बिटची किंमत नगावर न मोजता खोदलेल्या मीटरवर, रिगच्या वेळेसह मोजणे शहाणपणाचे. मुंबई हायच्या करारातील परिणामाशी जोडलेले शुल्क हे याच दिशेचे, जरी ते उत्पादनावर आहे, खोदाईवर नाही.

दुसरी गोष्ट माहितीची. हायड्रोकार्बन महासंचालनालयाचे राष्ट्रीय माहिती भांडार २०१७ पासून आहे, आणि नवे बोलीदार तिथली भूकंपीय सर्वेक्षणे आणि जुन्या विहिरींच्या नोंदी पाहून ब्लॉक निवडतात. त्या नोंदींत खडक कसा आहे हे कळते. शेजारच्या विहिरीत तो खडक कोणत्या बिटने, कोणत्या नोझलने, मिनिटाला किती लिटर मड सोडून, किती दाबाला, किती तासांत कापला गेला आणि बाहेर काढल्यावर बिटच्या चकत्या कुठे झिजल्या होत्या, ही एका पानाची नोंदही रिगवर दर बिटमागे होतच असते. खुल्या केलेल्या क्षेत्रातील नव्या कंपन्यांना ती पाने सहज मिळाली, तर त्यांना पहिल्या विहिरीची पहिली नोझल अंदाजाने निवडावी लागणार नाही.